बलुते : मोल की उपकार?

आपल्याकडे खेड्याच्या अर्थव्यवस्थेविषयी लिहिताना बलुतेदारीला 'स्वयंपूर्ण गावा'चा कणा म्हणण्याची रीत आहे. सुतार नांगर करी, लोहार फाळ शेवटी, कुंभार मडकी देई आणि सुगीला प्रत्येकाच्या पदरात धान्य पडे. चित्र गोंडस आहे. पण त्यात एक प्रश्न राहून जातो : कामाचे मोल कोण ठरवीत होते?

विहिरीवरची मोट घ्या. बागाईत हा माळ्याचा धंदाच होता. त्या मोटेचे कातडे मेलेल्या जनावराचे. ते जनावर ओढून नेणारा महार. कातडे कमावी ढोर, मोट शिवी चांभार. नाडा वळी मांग, चाक करी सुतार. इतक्या हातांवर एका मळ्याचे पाणी चाले. त्या पाण्यावर पिकलेल्या उसाचा गूळ पेठेत जाई, तेव्हा त्याचा भाव रुपयांत होई. नाडा वळणाऱ्याला मात्र भाव नव्हता. त्याला होते बलुते. तेही वर्षभर राबल्यानंतर, खळ्यावर, धन्याच्या हाताने. माप घेणाऱ्याचे नव्हते, देणाऱ्याचे होते. म्हणूनच हक्काची मजुरी मागायला गेलेला माणूस भिकाऱ्यासारखा उभा राही.

तरीही सुतार-लोहाराच्या कामाला निदान काही सीमा होती. महाराच्या कामाला कसली सीमा? वेस राखणे, सारा तालुक्याला पोचवणे, सरकारी अंमलदाराच्या दिमतीला उभे राहणे, मयताचा सांगावा नेणे, लाकडे फोडणे, मढी ओढणे. ही सेवा विकत घेतलेली नव्हती, लादलेली होती. जो 'नाही' म्हणू शकत नाही, तो विक्रेता कसा?

इंग्रजी राज्याने ही गुलामी मोडली नाही, तिला कलमात बसवले. 1874 च्या वंशपरंपरागत वतनांच्या कायद्याखाली महार सरकारचा चाकर राहिला. पण पोटाला मिळे ते हाडकी-हाडोळ्याचा तुकडा आणि रयतेचे बलुते. हुकूम सरकारचा, भाकरी गावाची! डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नेमके हेच दुखणे ओळखले. 1928 साली त्यांनी मुंबई कायदेमंडळात दुरुस्तीचे विधेयक आणले. बलुत्याऐवजी रोख पट्टी बसवावी, ती सरकारने वसूल करून महारांना द्यावी, आणि ज्याला वतनाच्या जोखडातून सुटायचे असेल त्याला सुटू द्यावे, हा त्याचा गाभा होता. मागणी साधी होती : काम मोजा आणि मोल ठरवा. 1929 साली ते विधेयक मागे घ्यावे लागले.

बलुते हे मोल नसून लगाम होता, याचा पुरावा स्टार्ट समितीच्या 1930 च्या अहवालात आहे. बाबासाहेब त्या समितीचे सदस्य होते. अस्पृश्यांनी आपले हक्क बजावले की जमिनी काढून घेतल्या जात, मजुरी बंद होई आणि गावकीचा मोबदलाही थांबे, असे त्या अहवालात नोंदले आहे. 1927 च्या महाडनंतर मढी ओढायला नकार देणाऱ्या वस्त्यांवर हेच हत्यार चालले.

पुढे 1958 चा कनिष्ठ ग्रामवतने नष्ट करणारा कायदा झाला आणि 1959 पासून महारकी कायद्याने संपली. दुसरीकडे ऑईल इंजिन आले, विजेची मोटर आली आणि मोट अडगळीत पडली. मोटेबरोबर मांगाचा नाडाही गेला, चांभाराचे कामही गेले. कायद्याने एकाचे जोखड उतरवले. यंत्राने दुसऱ्याचे काम काढून घेतले. पर्यायी भाकर मात्र दोघांपैकी कुणालाच कुणी दिली नाही. कित्येकांनी मग शहराची वाट धरली.

दया पवारांनी 1978 साली आपल्या आत्मकथनाला 'बलुतं' हे नाव दिले ते उगाच नव्हे. तो शब्द केवळ धान्याच्या पेंढीचा नाही, दुसऱ्याच्या हातात राहिलेल्या मापाचा आहे.

म्हणून आज खेड्यात गटार उपसणाऱ्याला, लग्नात वाजवणाऱ्याला, मेलेले ढोर उचलणाऱ्याला नोटा मिळतात एवढ्यावरून बलुतेदारी संपली असे मानू नये. कामाआधी भाव सांगण्याची आणि न पटल्यास घरी बसण्याची मोकळीक त्याला आहे काय, ते पाहावे. ती नसेल, तर फक्त धान्याच्या जागी नोटा आल्या. माप धन्याच्याच हाती राहिले.