भट्टीच्या तापमानाचे वेळापत्रक

प्रयोगशाळेतील मफल भट्टी वरकरणी साधी पेटी दिसते. आत उष्णतारोधक विटा, तापणाऱ्या तारेचे वेटोळे व तापमान मोजणारे थर्मोकपल, एवढाच तिचा पसारा. जुनी भट्टी ठरविलेला अंक गाठेपर्यंत पूर्ण शक्तीनिशी तापत असे. प्रोग्रामेबल नियंत्रकात मात्र तापमान किती वेगाने चढावे (रॅम्प) व कोठे किती वेळ स्थिर राहावे (सोक), हे आधीच नोंदविता येते.

हा वेग किती महत्त्वाचा, हे कोळशावरून कळते. हिमायतनगरच्या ईशान्येस वणी-चंद्रपूरचा कोळसापट्टा आहे. कोळशातील राख मोजण्यासाठी आयएस १३५० या भारतीय मानकानुसार नमुना थंड भट्टीत ठेवतात. तापमान ३० मिनिटांत ५०० अंश सेल्सिअस, पुढील ३० ते ६० मिनिटांत ८१५ अंश आणि मग तेथेच तासभर. घाई केल्यास गंधक निघून जाण्यापूर्वीच चुनखडीचे विघटन होते. तो चुना गंधक धरून ठेवतो आणि राख खऱ्यापेक्षा जास्त भरते. २०१२ पूर्वी औष्णिक कोळशाची प्रत ८९०० वजा १३८ गुणिले राख व ओलाव्याची टक्केवारी, या सूत्राने ठरे. म्हणजे राखेतील एका टक्क्याची चूक किलोमागे १३८ किलोकॅलरींना पडत असे! आता प्रत एकूण उष्मांकावरून ठरते. राखेची चाचणी मात्र सुटलेली नाही.

नोंद करताना पहिला टप्पा २५ अंशांवरून ५०० पर्यंत, मिनिटाला सुमारे १६ अंश. दुसरा ४५ मिनिटांचा धरल्यास मिनिटाला ७ अंश. काही नियंत्रक वेग मागतात, काही वेळ. वेगाचे एककही कोठे मिनिटाला, तर कोठे तासाला असते. बहुतेक चुका येथेच होतात. भट्टी मागे पडली तर घड्याळ थांबवून ठेवणारी 'होल्डबॅक' सोय चालू असावी, अन्यथा सोकचा तास कमी तापमानातच सुरू होतो.

वीज गेल्यावर नियंत्रक कार्यक्रम पुढे चालवितो, पहिल्यापासून सुरू करतो की बंद पडतो, हे माहितीपुस्तिकेत आधीच पाहावे. मराठवाड्यात हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. उतरता रॅम्प मात्र नावापुरताच: पंखा नसलेली भट्टी स्वतःच्या गतीपेक्षा लवकर निवत नाही.