नोंदीची वाट : कोतवाल बुकापासून संगणकापर्यंत

मंडळी, घरात बाळ जन्मले की आपण आधी पेढे वाटतो, मग बारसे करतो, आणि नोंद राहिलीच की, हे पुढे केव्हातरी आठवते. घरातले माणूस गेले तर नोंदीचे नावही कुणी काढत नाही. दुःखाच्या घरात वही-लेखणीचे काय काम, असेच वाटते. पण आज मी तुमच्याशी या नोंदीविषयीच बोलणार आहे. दवाखान्यात आता संगणक आला आहे, आरोग्यसेविकेच्या हातात मोबाईल आला आहे. त्याचे मूळ या साध्या नोंदीत आहे. आणि त्या यंत्राचा आपल्याला उपयोग कधी होतो नि कधी होत नाही, तेही या नोंदीचा इतिहासच सांगतो.

तुम्हाला आठवत असेल, २०२३ साली महाराष्ट्रात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि कचेऱ्यांतली जुनी दप्तरे बाहेर निघाली. त्यातली एक वही सगळ्यांच्या तोंडी झाली. कोतवाल बुक. सरकारी भाषेत गाव नमुना १४. पिवळी पडलेली पाने, पुष्कळ ठिकाणी मोडी अक्षर. लोकांनी त्यात जात शोधली. पण ही वही मुळात जातीसाठी नव्हतीच. गावात कोण जन्मले, कोण मेले आणि कशाने मेले, हे टिपण्यासाठी ती होती.

हे टिपण्याची सरकारला गरज का पडली? १८५७ नंतर इंग्रजांनी हिंदुस्थानात गोरी फौज वाढवली, आणि त्यांच्या ध्यानात आले की सोजीर लढाईत मरतात त्याहून अधिक ताप, पटकी नि हगवणीने मरतात. चौकशीसाठी नेमलेल्या शाही आयोगाने १८६३ साली अहवाल दिला. पाठोपाठ १८६४ साली मुंबई, बंगाल आणि मद्रास या तिन्ही इलाख्यांत आरोग्याची देखरेख करणारी सॅनिटरी कमिशने आली. छावणी निरोगी ठेवायची तर भोवतालच्या मुलखात कसली साथ आहे हे कळायला हवे. तेव्हापासून गावोगावच्या मरणाच्या आकड्यांना सरकारदरबारी किंमत आली.

आता बघा, नोंद झाली ती अशी. गावकामगाराने ऐकीव बातमीवरून लिहायचे. मरणाचे कारण काय, तर ज्याला दुसरे नाव सुचले नाही तो 'ताप'. हिवताप असो, विषमज्वर असो की बाळंतरोग असो, रकाना एकच. आकडे तालुक्याला गेले, जिल्ह्याला गेले, इलाख्याच्या अहवालात छापले गेले. गावाला परत काय आले? बहुतेक गावांना काहीच नाही. नोंद वर गेली ती गेलीच.

आणि जेव्हा आले, तेव्हा काय आले तेही ऐका. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेग ओळखला. पुढच्या वर्षी साथरोगांचा कायदा झाला. पुण्यात गोरे सोजीर घरात शिरून रोगी हुडकू लागले. रोगी इस्पितळात, घरची माणसे छावणीत, सामानसुमानाची होळी. नोंद म्हणजे घरावर धाड, असे समीकरण झाले. मग लोकांनी काय केले? आजारी माणसे लपवली, मरणे दडवली. त्या संतापात २२ जून १८९७ रोजी रँडवर गोळी झाडली गेली, हा इतिहास तुम्ही शाळेत शिकला आहात, गुरुजनांनी तो शिकवला आहे. पण त्याच पुण्यात, त्याच साथीत, सावित्रीबाई फुले आपल्या डॉक्टर मुलाच्या दवाखान्यात रोगी स्वतः नेत होत्या. त्यातच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. सोजिराचा बूट वाजला की लोक रोगी लपवीत; पाठीवर घेऊन दवाखान्यात नेणाऱ्या बाईपासून कोण लपवील? माहिती दडते ती भीतीने, आणि बाहेर येते ती विश्वासाने. हा पहिला धडा.

दुसरा धडा स्वातंत्र्यानंतरचा. देवीचा रोग घालवण्याची मोहीम देशात १९६२ पासून चालू होती. लशी टोचल्या जात होत्या, कागदावर आकडे भरत होते, तरी देवी जाईनात. १९७३ च्या ऑक्टोबरात उत्तर प्रदेश आणि बिहारात कार्यकर्ते घरोघर निघाले. हातात देवीच्या रोग्याचे चित्र असलेले कार्ड. ते दारात दाखवायचे, बाजारात दाखवायचे, शाळेत मुलांना दाखवायचे नि विचारायचे, असे कुणी पाहिले का? मुले कशाला लपवतील? पहिल्याच शोधात कागदावर नसलेले हजारो रोगी सापडले. १९७४ साली देशात १,८८,००० हून अधिक रोगी नोंदले गेले. वाचणाऱ्याला वाटावे, अरे, रोग वाढला की काय! साथ त्या वर्षी मोठी होती हे खरेच. पण लपलेलेही आता दिसू लागले होते. रोगी दिसला की आसपासच्या सगळ्यांना लस टोचायची, त्या घरावर लक्ष ठेवायचे. म्हणजे नोंद झाली की मदत दारात येई. खबर देणाऱ्याला बक्षीसही ठेवले होते. मे १९७५ मध्ये देशातला शेवटचा रोगी सापडला, आणि १९७७ च्या एप्रिलात भारत देवीमुक्त ठरला. त्यात संगणक नव्हता. चित्राचे कार्ड, साप्ताहिक पत्रक आणि जीपगाडी होती. पण नोंदीची वाट दुहेरी होती. वर गेली, आणि खाली परत आली.

तिसरे उदाहरण आपल्या गडचिरोलीचे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये तिथे काम सुरू केले. खेड्यात बाळे जन्मतात आणि महिन्याच्या आत जातात, हे त्यांनी घरोघर मोजून पाहिले. मग गावातल्याच बाईला शिकवले. बाळाचे वजन करायचे, श्वास मोजायचा, ताप बघायचा, लिहून ठेवायचे, आणि त्याच बसल्या जागी उपचारही करायचा. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे फळ प्रसिद्ध झाले. ३९ गावांत हे काम झाले, तिथले नवजात बालकांचे मृत्यू, असे काम न झालेल्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी घटले. इथे लिहिणारी आणि इलाज करणारी बाई एकच होती. नोंदीला तालुक्याला जाऊन यायची गरजच उरली नाही.

आता यंत्राकडे येऊ. २००८ मध्ये आरोग्य केंद्रांचे मासिक आकडे भरण्यासाठी सरकारने संगणकावर देशभराची व्यवस्था उभी केली. किती बाळंतपणे, किती लशी, एवढे त्यातून कळे. पुढच्याच वर्षी, २००९ मध्ये, प्रत्येक गरोदर बाई आणि प्रत्येक बाळ नावानिशी नोंदायचे ठरले. कल्पना उत्तम. तपासणी चुकली तर त्या बाईलाच शोधून काढता यावे. पण आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी. सून सासरी नोंदलेली, सातव्या महिन्यात माहेरी गेली. तिची नोंद तिच्यामागून माहेरी गेली तर यंत्र कामाचे. सासरीच अडकून राहिली तर तिथली सेविका म्हणणार, बाई दिसत नाही, आणि माहेरची म्हणणार, ही कोण? शिवाय यंत्र आले म्हणून वही जात नाही. दिवसभर फिरून वहीत लिहायचे, मग तेच पुन्हा संगणकात भरायचे. रेंज नसेल तर टेकडीवर जायचे. आरोग्यसेविकेच्या वाट्याला असे दुहेरी काम आले की तिचे हात टाईप करण्यात गुंततात, आणि नाडीवर ठेवायला मोकळे राहत नाहीत.

पण चांगलेही सांगितले पाहिजे. क्षयरोग्यांसाठी २०१२ साली 'निक्षय' ही संगणकीय नोंद सुरू झाली. एप्रिल २०१८ पासून, नोंद झालेल्या रोग्याला पोषक आहारासाठी महिना ५०० रुपये थेट बँकेच्या खात्यात देण्याची योजना आली. २०२४ च्या नोव्हेंबरात ती रक्कम १,००० झाली. इथे वरची माहिती रुपया होऊन खाली येते. म्हणून ही नोंद रोग्यालाही हवीशी वाटते.

करोनाच्या वेळचे 'कोविन' तुम्ही अनुभवलेच. १६ जानेवारी २०२१ पासून त्यावर लसीकरण नोंदले गेले आणि देशात २२० कोटींहून अधिक मात्रांचा हिशेब राहिला. एवढ्या मोठ्या देशात ही लहान गोष्ट नाही. पण मे महिन्यात तरुणांना आधी मोबाईलवर वेळ ठरवण्याची सक्ती झाली, तेव्हा शहरातली मंडळी गाड्या काढून खेड्यातल्या केंद्रावर लस घेऊन गेली, आणि गावचा गडी दारात उभा राहिला. त्याच्याकडे फोन नव्हता, म्हणून यंत्राच्या लेखी तो नव्हताच! महिनाअखेरीस सरकारी केंद्रांवर जागेवर नोंदणीची मोकळीक मिळाली, तेव्हा कुठे त्याचा मार्ग सुटला.

आता २०२१ पासून देशभर आरोग्याचा डिजिटल क्रमांक मिळू लागला आहे. चौदा आकड्यांचा. तुमचे कागद तुमच्या संमतीने एका दवाखान्यातून दुसऱ्यात जावेत, हा त्याचा हेतू. तो घेणे ऐच्छिक आहे, हे ध्यानात असू द्या. दोन गोष्टींची धास्ती मात्र खरी आहे. एक, यंत्र बंद पडते. २०२२ च्या नोव्हेंबरात दिल्लीच्या एम्स या मोठ्या रुग्णालयाच्या संगणकांवर हल्ला झाला आणि कित्येक दिवस काम कागदावर करावे लागले. दुसरी, गुपित फुटते. क्षयाची, एचआयव्हीची नोंद गावात पसरली तर मुलीचे लग्न मोडते, पंगतीत माणूस दूर बसवला जातो. २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदा संसदेने केला. पण तुमच्या दवाखान्यात पडद्यावर काय दिसते आणि ते कोण पाहते, ही काळजी आपणच घ्यायची. नाहीतर प्लेगच्या वेळचे लपवणे पुन्हा सुरू होईल, आणि मग कितीही महागडे यंत्र आंधळेच राहील.

तर मंडळी, यंत्राला घाबरू नका आणि त्याची आरतीही ओवाळू नका. जन्म असो की मृत्यू, २१ दिवसांच्या आत नोंदवा. कारण खरे सांगा. दवाखान्याचा कागद जपून ठेवा. सेविकेने काही टाईप केले की प्रेमाने विचारा, "ताई, काय लिहिलंत? आम्हाला वाचून दाखवता का?" गुरुजनहो, ग्रामसभेत आरोग्याचा विषय निघेल तेव्हा एक प्रश्न तुम्ही जरूर उभा करा. या वर्षी आपल्या गावातून इतके आकडे वर गेले. त्यांच्यापायी गावाला काय परत आले? औषध आले, लस आली, पाण्याची तपासणी झाली, की नुसताच अहवाल छापला गेला?

कोतवाल बुकात दीडशे वर्षांपूर्वी कुणा बाळंतिणीच्या नावापुढे 'ताप' असे लिहिले गेले असेल. तिला त्या नोंदीचा काही उपयोग झाला नाही. तुमच्या सुनेच्या नावापुढे आज जे लिहिले जाईल, त्याचा तिला उपयोग झाला पाहिजे. वही असो की संगणक, त्याची परीक्षा एवढीच.