तालमीतली चौफेर मेहनत

तालीम म्हटलं की आज कुस्तीच डोळ्यांपुढे येते: तांबड्या मातीचा हौदा, लंगोट कसलेले पठ्ठे, कडेला उभा वस्ताद. हे चित्र खरं असलं तरी अपुरं आहे. जुन्या तालमीत कुस्ती शिकवली जाई, पण तिच्याभोवती जोर, बैठका, मुद्गल, करेला, लेझीम, नाल उचलणं, मल्लखांब, दांडपट्टा, फरीगदगा असा मोठा पसारा असे. तिथे येणाऱ्या पुष्कळांना पैलवान व्हायचंच नसे. कुणाला शिलेदारी करायची असे, कुणाला गावाची राखण, तर कुणाला नुसती शेती. हा पसारा आपोआप साचलेला नव्हता. एका अंगाकडून अनेक कामं घ्यायची तर मेहनतही अनेक बाजूंनी व्हायला हवी, हे ओळखून तो पिढ्यान्‌पिढ्या जुळवत आणलेला होता. पुढे तो विस्कटला, पण तो निरुपयोगी ठरल्यामुळे नाही. ज्या कामांसाठी तो होता ती कामं गेली, आणि त्याच्या एकेका तुकड्याची वेगळी स्पर्धा झाली.

अशा चौफेर मेहनतीचा एक जुना, भक्कम पुरावा बाराव्या शतकातला आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने सुमारे ११३० साली रचलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात मल्लांच्या कुस्त्यांचं आणि त्यांच्या तयारीचं वर्णन आहे. तयारीत वजन उचलण्याचा भारश्रम, चालण्याचा भ्रमणश्रम, पाण्यातला सलिलश्रम आणि खांबावरचा स्तंभश्रम असे श्रमाचे वेगवेगळे प्रकार सांगितले आहेत. ज्या मल्लाला शेवटी उतरायचं आहे ते आखाड्यातच, त्याला पाण्यात कशाला घालायचं? उत्तर उघड आहे. दम, ताकद, पकड आणि चपळाई एकाच मेहनतीतून येत नाहीत, हे राजाश्रयाच्या कुस्तीला तेव्हाच कळलेलं होतं.

मराठ्यांच्या छावणीत हीच रीत सैनिकांच्या अंगवळणी पडलेली दिसते. थॉमस ब्रॉटन हा इंग्रज अधिकारी १८०९ साली दौलतराव शिंद्यांच्या लष्करासोबत होता. त्याची तिथली पत्रं १८१३ साली पुस्तकरूपाने छापली गेली. तरुण शिपाई जोर काढतात, मुद्गल फिरवतात, लेझीम खेचतात, असं त्यांत येतं. ही लेझीम म्हणजे शाळेच्या संचलनातली छुमछुमणारी लेझीम नव्हे. ती होती दोरीऐवजी लोखंडी साखळी लावलेली जड कमान. ती ताणताना पाठ, खांदे आणि मनगटं एकदम कामाला लागतात, आणि धनुष्य खेचायला हेच लागतं. मुद्गलाने खांद्याचा सांधा सगळ्या दिशांनी मोकळा आणि भक्कम होतो. तलवार किंवा भाला घेऊन घोड्यावर बसणाऱ्याला त्याची गरज वेगळी सांगायला नको. जोराने छाती आणि दंड, बैठकांनी मांड्या. एकेक प्रकार सुटा पाहिला तर साधा वाटतो, पण सगळे एकत्र मांडले की त्यांत कामाची विभागणी दिसते.

ही विभागणी सर्वांत स्पष्ट दिसते ती मल्लखांबात. जोर आणि बैठका या तालमीच्या मेहनतीचा कणा, पण दोन्ही ढकलण्याच्या क्रिया आहेत. जोरात हात जमीन ढकलतात, बैठकीत पाय. ओढण्याची, लटकण्याची, आवळून धरण्याची ताकद त्यांतून येत नाही, आणि कुस्तीत निम्मं काम तेच असतं. ही उणीव खांबाने भरून काढली. साग किंवा शिसवाचा, खाली जाड आणि वर निमुळता होत जाणारा खांब, त्याला मान, मानेवर बोंड. अंगाला एरंडेल चोपडलेलं, म्हणजे सालटी निघत नाहीत. त्यावर उडी घेऊन मांड्यांनी अढी आवळली की साऱ्या देहाचा भार मांडीच्या आतल्या स्नायूंवर येतो, आणि ते स्नायू हजार बैठका मारूनही असे जागे होत नाहीत. बगलेत खांब दाबून फिरताना तो प्रतिस्पर्धी पैलवानच होतो, फक्त दमत नाही. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी ही विद्या नव्याने उभी केली. निजामाकडच्या पैलवानांचं आव्हान स्वीकारून ते सप्तशृंगीला गेले आणि तिथे ती त्यांना सुचली, अशी कथा आहे. कथेतला दैवी भाग सोडून दिला तरी एक गोष्ट उरते. मोठ्या लढतीच्या तयारीला त्यांनी कुस्त्यांची संख्या वाढवली नाही, वेगळी मेहनत शोधली. हौदा खणणं हाही याच हिशेबातला भाग. फावड्याने माती वरखाली करताना नव्या पठ्ठ्याची कंबर, पाठ आणि मूठ तयार होते, म्हणून वस्ताद ते काम गड्याला सांगत नाही.

मग हे विस्कटलं कसं? १८१८ साली पेशवाई गेली आणि शिलेदारी संपली. १८७८ च्या शस्त्र कायद्याने हत्यार बाळगण्यावर बंधनं आली आणि दांडपट्टा मिरवणुकीपुरता उरला. मुद्गल इंग्रज लष्कराने उचलले, ते विलायतेत गेले, आणि १९०४ व १९३२ च्या ऑलिंपिकमध्ये मुद्गल फिरवण्याला स्वतंत्र पदक लागलं. पुढे मल्लखांबाच्याही राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाल्या. त्याचं मला मनापासून समाधान आहे, दोरीच्या मल्लखांबामुळे मुलींना मैदान मिळालं याचं तर फारच. पण खांबावरची मुलं आणि हौद्यातली मुलं वेगळी झाली, हेही खरं. सगळं एकत्र ठेवण्याची धडपडही काहींनी केली. अमरावतीच्या वैद्य बंधूंनी १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढलं, आणि मंडळाच्या चमूने १९३६ साली बर्लिनमध्ये देशी खेळ दाखवले. बडोद्याहून करंदीकर-मुजुमदारांनी व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड काढले. कोल्हापुरात तर आजही पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल ही फुटबॉल संघांची नावं तालीम मंडळांची आहेत. मुळात कुस्तीपुरतीच तालीम असती, तर फुटबॉल तिच्या अंगणात इतका सहज रुजला नसता.

चौफेर मेहनतीवरचा सर्वांत वजनदार आक्षेप शास्त्राकडून येतो. शरीराला ज्याचा सराव द्याल त्यातच ते तरबेज होतं. रॉबर्ट हिक्सन या अमेरिकन शरीरक्रिया संशोधकाने १९८० साली याची चाचणी घेतली. एका गटाने फक्त ताकदीची मेहनत केली, दुसऱ्याने फक्त दमाची, तिसऱ्याने दोन्ही. दहा आठवड्यांच्या या प्रयोगात तिसऱ्या गटाची ताकद सुरुवातीला वाढली, सातव्या-आठव्या आठवड्याच्या सुमारास थांबली आणि शेवटी उतरली. खाशाबा जाधवांचं उदाहरणही याच बाजूने देता येईल. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले, तेव्हा मातीत मुरलेल्या या मल्लाला गादी नवखी होती. १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक मिळालं ते गादीच्या नियमांत कसून तयारी केल्यावर. पदक हवं तर नेमकी तयारी हवी, हे मला पूर्ण मान्य आहे. पण हिक्सनच्या तिसऱ्या गटाने आठवड्यातले पाच दिवस ताकदीचा आणि सहा दिवस दमाचा, असे दोन पूर्ण भार एकमेकांवर रचले होते, आणि तरीही त्यांचा दम दमवाल्या गटाइतकाच वाढला. तालमीत दोन भार शर्यतीला लावत नसत, एकाने दुसऱ्याची कसर भरून काढत. शिवाय त्या प्रयोगाचं माप एका गुणाच्या शिखराचं आहे. ज्याला शिखर गाठायचं नसून उद्या काय पुढ्यात येईल ते निभवायचं आहे, त्याला ते माप कसं लागू पडेल?

दुसरा आक्षेप असा की हे जुन्याचं कौतुक आहे. तालमीत बायकांना जागा नव्हती, जातीच्या भिंती होत्या, हजारो बैठकांच्या ईर्ष्येत गुडघे जात. हे दोष खरेच आहेत आणि ते झाकण्यात अर्थ नाही. मात्र ते व्यवस्थेचे आणि अतिरेकाचे दोष आहेत. मेहनतीत विविधता ठेवल्याने गुडघे गेले नाहीत. ते गेले एकाच क्रियेची संख्या फुगवत नेल्याने.

खाशाबा १९५५ साली पोलीस खात्यात उपनिरीक्षक झाले, आणि खरा प्रश्न तिथेच येतो. पोलिसाला, अग्निशामक जवानाला, पुरात उतरणाऱ्या बचाव पथकाला कोणतं काम कधी येईल हे आधी कळत नाही. बेशुद्ध माणूस खांद्यावर घेऊन जिना उतरायचा, भिंतीवर चढायचं, दोर धरून ठेवायचा, आणि हे सगळं धावून दमल्यावर. महाराष्ट्रात पोलीस शिपायाच्या भरतीत पुरुषांची मैदानी चाचणी मात्र १६०० मीटर धाव, १०० मीटर धाव आणि गोळाफेक एवढ्यावर येऊन ठेपली आहे. पूर्वी तीत लांब उडी आणि पुल-अप्सही असत. पुल-अप्स गेले म्हणजे ओढण्याची ताकद मोजणारी एकमेव कसोटी गेली, म्हणजे जी उणीव मल्लखांबाने भरली होती तीच आपण परत आणली. खेड्यापाड्यातली पोरं पहाटे डांबरी रस्त्यावर धावतात, माळावर गोळा फेकतात आणि तेवढंच करतात, कारण गुण तेवढ्यालाच आहेत. त्यांचा यात काहीही दोष नाही. चाचणीत दोरावर चढणं आणि माणसाएवढं वजन उचलून चालणं घाला, पुढच्या भरतीच्या आत गावोगावच्या वडा-पिंपळांना दोर लागलेले दिसतील.