तीन बिंदू, तीन अंतरे : 'एकरेषीय' शब्दाचे महत्त्व

इयत्ता नववीच्या भूमितीतील एक प्रश्न वरकरणी अगदी सोपा वाटतो. अ आणि ब या बिंदूंमधील अंतर ९ सेंटिमीटर, ब आणि क यांमधील अंतर ४ सेंटिमीटर. तर अ आणि क यांमधील अंतर किती? अनेक विद्यार्थी बेरीज करून १३ हे उत्तर लिहितात आणि तेथेच गुण गमावतात. या प्रश्नाचे उत्तर तीन बिंदूंच्या स्थानावर अवलंबून असते.

तिन्ही बिंदू एकरेषीय असून ब हा मध्ये असेल, तर उत्तर ९ + ४ = १३ येते. ही स्थिती अ-ब-क अशी लिहितात. क हा अ आणि ब यांच्या दरम्यान असेल, तर उत्तर ९ - ४ = ५ येते. अ मात्र मध्ये असू शकत नाही. कारण तसे झाल्यास ब-क हे अंतर ९ पेक्षा मोठे झाले असते. म्हणजेच केवळ 'एकरेषीय' एवढेच दिले असल्यास ५ आणि १३ ही दोन्ही उत्तरे लिहावी लागतात.

बिंदू नैकरेषीय असतील, तर त्रिकोण तयार होतो. त्रिकोणाच्या कोणत्याही दोन बाजूंची बेरीज तिसऱ्या बाजूपेक्षा मोठी असते. त्यामुळे तिसरी बाजू ५ पेक्षा मोठी आणि १३ पेक्षा लहान असते. तिची एकच निश्चित लांबी सांगता येत नाही.

तीन अंतरे दिली असल्यास सर्वांत मोठ्या अंतराची तुलना उरलेल्या दोहोंच्या बेरजेशी करावी. ७, १० आणि १७ या अंतरांत बेरीज समान येते, म्हणून बिंदू एकरेषीय. ४, ६ आणि ८ मध्ये बेरीज मोठी, म्हणून त्रिकोण. ३, ४ आणि ८ मध्ये बेरीज लहान पडते. असे तीन बिंदू अस्तित्वातच नसतात. येथे 'नैकरेषीय' असे लिहिणे चूक ठरते.

याचे ठळक उदाहरण वऱ्हाडच्या नकाशावर सापडते. यवतमाळहून दारव्हामार्गे मूर्तिजापूरला जाणारी 'शकुंतला' ही नॅरोगेज गाडी आता धावत नाही. मूर्तिजापूरहून अचलपूरला जाणारा तिचा दुसरा फाटाही परिचित आहे. रुळांची वळणे सोडून सरळ अंतरे मोजल्यास यवतमाळ-मूर्तिजापूर सुमारे ८८ आणि मूर्तिजापूर-अचलपूर सुमारे ६० किलोमीटर भरते. दोहोंची बेरीज १४८. यवतमाळ-अचलपूर हे सरळ अंतर मात्र सुमारे ११५ किलोमीटरच आहे. बेरीज मोठी आली, याचा अर्थ ही तीन गावे एका रेषेत नाहीत. मूर्तिजापूरमार्गे जाणाऱ्या प्रवाशाला त्रिकोणाच्या दोन बाजू चालाव्या लागत.

प्रश्न सोडविण्यापूर्वी आकृती काढावी, 'एकरेषीय' किंवा 'दरम्यान' हे शब्द अधोरेखित करावेत आणि त्यानंतरच बेरीज करावी.