काच-लेसरची कड : एका लेपाचा इतिहास

काच-लेसरांच्या इतिहासात लक्ष सहसा किरणाच्या शक्तीकडे जाते, काचेच्या कडेकडे जात नाही. वस्तुतः अशा लेसरचा आकार कोठवर वाढविता येईल, हे पुष्कळ अंशी कडेनेच ठरविले आहे.

एलायस स्नित्झर यांनी १९६१ साली निओडिमियममिश्रित काचेचा लेसर सिद्ध केला. पुढे शक्ती वाढविण्यासाठी सळ्यांच्या जागी रुंद तबकड्या आल्या. लिव्हरमोर येथील २० किरणांच्या ‘शिवा’ या यंत्रात (१९७७) त्याच होत्या. प्रखर दिव्यांच्या झोताने तबकडीत ऊर्जा साठते. परंतु मुख्य किरण येण्यापूर्वीच काही प्रकाश आपोआप आडवा निघतो, अंतर्गत परावर्तनाने आत कोंडला जातो आणि वाटेत वाढत कडेस पोहोचतो. कडेने तो परतविला, तर साठा व्यर्थ खर्ची पडतो. तबकडी ओलांडताना प्रकाश ५५ पट होत असेल, तर कडेचे परावर्तन सुमारे १.८ टक्क्यांहून कमी हवे; उघडी काच सरळ पडलेल्या प्रकाशापैकीही सुमारे ४ टक्के परत पाठविते. व्यास दुप्पट केला, तर ५५ पटींचे ३,००० पट होतात.

मग कड काळी का रंगवू नये? कारण परावर्तन रंगाच्या आत नव्हे, काच व रंग यांच्या सीमेवर घडते. म्हणून लेपाचा वक्रीभवनांक काचेइतका हवा, शोषण भरपूर हवे, आणि उष्णतेने होणारे प्रसरणही जुळते हवे; अन्यथा तडा जातो. प्रथम लवकर वितळणाऱ्या काचेची भुकटी कडेवर वितळवीत. लिव्हरमोरच्याच, २००९ साली पूर्ण झालेल्या १९२ किरणांच्या यंत्रात तांबेमिश्रित फॉस्फेट काचेच्या पट्ट्या इपॉक्सीने जोडल्या आहेत. ही काच डोळ्यांस निळी दिसते; १.०५३ मायक्रॉनच्या अवरक्त प्रकाशास मात्र ती काळीच होय.

आपल्याकडे काच-लेसरांचे कार्य मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात व १९८४ साली पायाभरणी झालेल्या इंदूरच्या केंद्रात वाढले. इंदूरचे पहिले संचालक दिलीप देविदास भवाळकर होत. हा विषय मराठीत शिकविताना ‘लेप’ हा शब्द अपुरा पडतो, कारण लेप वरून लावलेला असतो. पैठणीचा काठ वेगळ्या रंगाचा असूनही अंगाशी विणलेला असतो. येथील कडही तशीच आहे. प्रकाशास सीमा जाणवू न देता त्यास आत घेणे व तेथेच संपविणे, हे तिचे कार्य. म्हणून ‘शोषक कड’ ही संज्ञा अधिक यथार्थ वाटते.