पाण्याची कड कुणाची? : ससून गोदी, मुंबईचा किनारा आणि १८७९ साल

१/ मावळात इंदुरीच्या गढीखालून इंद्रायणी वाहते. मुंबईत, कुलाब्याच्या ससून गोदीत, पहाटे मासळीचा लिलाव चालतो. या दोन ठिकाणांचा परस्परांशी काय संबंध? तो १८७९ या एका सालात सापडतो. पाण्याच्या कडेला खाजगी धक्का बांधू द्यावा का, परवानगी कोणी द्यावी, आणि दिलेली परवानगी परत घ्यायची वेळ आली तर काय होते, याचा हा इतिहास. #थ्रेड

२/ प्रारंभी त्या काळची मुंबई डोळ्यांसमोर आणावी लागेल. बेटाचा पूर्व किनारा म्हणजे खाजणांचा प्रदेश. ओहोटी लागली की दूरवर चिखल उघडा पडे. मोठी जहाजे खोल पाण्यात नांगर टाकीत आणि त्यांचा माल पडाव-मचव्यांतून किनाऱ्यावर येई. जिथे तो उतरे त्या धक्क्याला लोक ‘बंदर’ म्हणत. बोरी बंदर, चिंच बंदर, मस्जिद बंदर ही नावे त्याच काळाची खूण आहेत.

३/ ही ओली जमीन राज्यकर्त्यांना संपत्ती नव्हे, तर अडचण वाटे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हॉर्नबी वेलार्डने वरळीजवळची खिंड बुजवली. तिच्यामुळे कोरड्या पडलेल्या खारजमिनी नाममात्र साऱ्यावर लागवडीला दिल्या जात. या साऱ्याला ‘फोरास’ म्हणत. फोरास रोड हे नाव त्यावरूनच आले. १८५१ च्या कायद्याने यांपैकी बहुतेक जमिनींवर धारकांचा हक्क कायम झाला. जो भर घालील त्याची जमीन, ही समजूत अशा रीतीने रुजली.

४/ याच वातावरणात एक मराठी नाव पुढे येते : लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य ऊर्फ भाऊ. या पाठारे प्रभू गृहस्थांनी सरकारच्या अनुमतीने पूर्व किनाऱ्यावरील दलदलीत भर घालून १८४१ च्या सुमारास धक्का उभारला. तोच ‘भाऊचा धक्का’. अधिकृत नावे गव्हर्नरांची राहिली. लोकांनी मात्र बांधणाऱ्याचे नाव जिभेवर ठेवले. आज ज्या फेरी वार्फला ते नाव आहे, तो पुढच्या काळातला धक्का.

५/ परवानगी देणारे सरकार कोणते? त्या काळच्या कागदपत्रांत ‘स्थानिक सरकार’ हा शब्द येतो, तेव्हा त्याचा अर्थ नगरपालिका नव्हे, तर मुंबई इलाख्याचे सरकार, म्हणजे गव्हर्नर आणि त्याचे कौन्सिल. त्याच्या वर कलकत्त्याचे हिंदुस्थान सरकार, आणि १८५८ नंतर त्याच्याही वर लंडनमधील भारतमंत्री. किनाऱ्याचे मोठे करार या तिन्ही पायऱ्या चढत-उतरत.

६/ आता मावळाकडे वळू. १८५८ साली पुणे ते खंडाळा लोहमार्ग सुरू झाला. इंदुरीजवळचे तळेगाव याच मार्गावर. पुढचा अडसर होता बोरघाटाचा. २१ एप्रिल १८६३ रोजी घाटातील मार्ग खुला झाला आणि दख्खनचा कापूस रेल्वेने थेट मुंबईला उतरू लागला. मावळातून जाणारी प्रत्येक मालगाडी बोरी बंदरच्या अपुऱ्या किनाऱ्यावरचा ताण वाढवीत होती.

७/ आणि वेळही कशी? १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली, लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेना. भाव कडाडले. मुंबईत पैशाचा पूर आला. गाठी ठेवायला वखारी, दाबायला प्रेस, उतरवायला धक्के हवे होते. काल जो चिखल होता तो एका रात्रीत सोन्याच्या मोलाचा झाला.

८/ एल्फिन्स्टन लँड अँड प्रेस कंपनी ही या काळातील मोठी किनारा-कंपनी. सरकारशी तिचा सौदा झाला : मोदी बे भागात रेल्वेच्या स्थानकासाठी कंपनीने १०० एकर जमीन भर घालून द्यावी, त्या बदल्यात तिने स्वतःसाठी २५० एकर भरून घ्यावे. सरकारला तिजोरीतून काही न काढता जमीन मिळाली. कंपनीला मात्र शहराचे समुद्राकडचे दार मिळाले.

९/ त्या सौद्यात काय गेले, हे तेव्हा फारसे कुणाला जाणवले नाही. भरलेली जमीन ही केवळ जमीन नसते; तिची पाण्याकडची कड म्हणजे जहाजाला लागायची जागा. ती ज्याच्या हाती, त्याच्या हाती धक्क्याचे भाडे. जमीन एकरांत मोजली गेली. किनाऱ्याची किंमत मात्र हिशेबात धरलीच गेली नाही.

१०/ १८६४-६५ मध्ये भरणीच्या कंपन्यांचे समभाग हे सट्ट्याचे साधन बनले. बॅक बे, माझगाव, कुलाबा : जिथे पाणी उथळ तिथे कंपनी. प्रेमचंद रायचंद हे या पर्वाचे नायक. १८६५ च्या वसंतात अमेरिकन युद्ध संपले, कापूस कोसळला आणि १ जुलै १८६५ रोजी व्यवहारांची मुदत भरताच मुंबईच्या पेढ्या कोलमडल्या. समभाग कागद ठरले, पण किनाऱ्यावरचे हक्क कागद ठरले नाहीत. ते कायम राहिले.

११/ फुगा फुटल्यावर सरकारच्या ध्यानात आले की हिंदुस्थानच्या एका प्रमुख बंदराचा किनारा तुकड्यातुकड्यांनी खाजगी हाती गेला आहे. १८७० च्या सुमारास एल्फिन्स्टन कंपनीची मालमत्ता सरकारला मोठी किंमत मोजून विकत घ्यावी लागली. जे परवानगीच्या एका करारात दिले होते, तेच परत घ्यायला रोख रक्कम मोजावी लागली.

१२/ १८७३ च्या १ ल्या अधिनियमाने ‘बॉम्बे पोर्ट ट्रस्ट’ची स्थापना झाली, २६ जून १८७३ हा तिचा प्रारंभदिन. पहिले अध्यक्ष कर्नल जे. ए. बॅलार्ड. बॅलार्ड पिअर आणि बॅलार्ड इस्टेट ही नावे त्यांचीच. बंदर हे एका व्यापाऱ्याचे नव्हे तर सर्वांच्या उपयोगाचे, आणि त्याचे उत्पन्न बंदरातच खर्च व्हावे, ही त्यामागची कल्पना.

१३/ परंतु ट्रस्टच्या ताब्यात सारा किनारा नव्हता. त्याच सुमारास कुलाब्यात भरणी केलेल्या जागेवर डेव्हिड ससून आणि कंपनी आपली गोदी बांधीत होती. ससून घराणे मूळचे बगदादचे ज्यू. डेव्हिड ससून यांचा मृत्यू १८६४ साली पुण्यात झाला. ‘लाल देऊळ’ म्हणून पुणेकरांना ठाऊक असलेल्या प्रार्थनामंदिराच्या आवारात त्यांची समाधी आहे. गोदीचे काम त्यांचे पुत्र आल्बर्ट यांच्या काळात झाले.

१४/ १८७५ साली पूर्ण झालेली ही गोदी पश्चिम हिंदुस्थानातील पहिली बंदिस्त व्यापारी गोदी. भरतीच्या पाण्यावर जहाज आत घ्यायचे, दरवाजे मिटायचे. बाहेर ओहोटी असली तरी आत पाणी टिकून राहते आणि माल सरळ धक्क्यावर उतरतो. पडाव नको, चिखल नको. सरकारी पातळीवर खल चालू असतानाच एका खाजगी पेढीने हे करून दाखवले. हे श्रेय तिला द्यायलाच हवे.

१५/ त्याच वर्षी, ११ नोव्हेंबर १८७५ रोजी, प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते ट्रस्टच्या प्रिन्सेस डॉकची कोनशिला बसली. तिच्या खोदकामात गाळाखाली बुडालेले एक प्राचीन अरण्य सापडले. कित्येक झाडांचे बुंधे जागच्या जागी उभे होते! भूमी आणि सागर यांची सीमा मुळातच अढळ नाही, याचा तो मूक पुरावा. १ जानेवारी १८८० रोजी ही गोदी खुली झाली.

१६/ एकाच बंदरात सार्वजनिक ट्रस्ट आणि खाजगी धक्केवाले समोरासमोर आले. ट्रस्टने दर ठरवावेत तर खाजगी मालक ते पाडणार. गाळ उपसणे, दिवे लावणे हा खर्च मात्र ट्रस्टचा. एकसूत्री व्यवस्था अशक्य झाली. शेवटी १८७९ साली ससून गोदी विकत घेण्यात आली. नऊ वर्षांत दुसऱ्यांदा सार्वजनिक पैशाने किनारा परत घेतला गेला.

१७/ या साऱ्या करारांत एक पक्ष कुठेच दिसत नाही : कोळी. त्यांच्या होड्या लागायच्या जागांना ना सनद होती ना भाडेपट्टा. तरी कायद्याने त्यांची दखल अगदीच घेतली नाही असे नव्हे. १८७६ साली मच्छीमारांमधील एका वादात मुंबई उच्च न्यायालयाने म्हटले की समुद्रात मासे धरणे हा सर्वांचा समाईक हक्क आहे. मात्र तो दुसऱ्याची वाट अडणार नाही अशा वाजवी रीतीने बजावला पाहिजे.

१८/ याच वर्षांत जगाच्या दुसऱ्या टोकाला हुबेहूब असाच खेळ रंगला होता. १८६९ साली अमेरिकेतील इलिनॉय राज्याने शिकागोसमोरील सरोवराचा १००० एकरांहून अधिक तळ इलिनॉय सेंट्रल या रेल्वे कंपनीला देऊन टाकला. १८७३ साली, म्हणजे पोर्ट ट्रस्टच्याच जन्मवर्षी, विधिमंडळाने तो कायदा रद्द केला. पुढे राज्यच कंपनीविरुद्ध न्यायालयात गेले.

१९/ १८९२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने राज्याची बाजू उचलून धरली. पाण्याखालची जमीन शासनाकडे लोकांचा विश्वस्त म्हणून असते. अख्खे बंदर कायमचे देऊन टाकण्याचा अधिकारच त्याला नाही. म्हणून दिलेले मागे घेता येते. मुंबईने किनारा पैसे मोजून परत मिळवला, शिकागोने तत्त्वावर. फरक परवानगीत नव्हता. ती कोणत्या नात्याने दिली गेली, या समजुतीत होता.

२०/ आता पुन्हा १८७९ कडे. त्या वर्षी मुंबई इलाख्यात लागोपाठच्या क्रमांकांचे दोन कायदे झाले. ६ वा अधिनियम पोर्ट ट्रस्टचा. आणि ५ वा? तो जमीन महसूल संहितेचा. मुंबई शहरासाठी १८७६ चा निराळा कायदा होता. ही संहिता त्याबाहेरच्या इलाख्यासाठी होती. तिच्यात मावळ आले, इंदुरी आली.

२१/ या संहितेचे ३७ वे कलम असे : भरतीरेषेखालचा समुद्राचा, बंदरांचा व खाड्यांचा तळ, तसेच नद्या, नाले, सरोवरे व तळी यांचे तळ, कुणाचा हक्क सिद्ध झाला नसेल तिथे, सरकारचे. कलेक्टरला त्यांची विल्हेवाट लावता येईल. पण वहिवाटीचे आणि जनतेचे चालत आलेले हक्क अबाधित ठेवूनच. कोकणची खाडी आणि इंद्रायणीचे पात्र एकाच वाक्यात बांधले गेले ते असे.

२२/ राज्ये बदलली, वाक्य टिकले. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या २० व्या कलमात ते जवळपास तसेच आहे. १९९६ साली हिमाचल प्रदेशात बियास नदीच्या काठची वनजमीन एका खाजगी मोटेल कंपनीला दिल्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो भाडेपट्टा रद्द केला. निकालात आधार घेतला तो शिकागोच्या १८९२ च्या निवाड्याचा. लोकविश्वस्ततेचे तत्त्व भारतीय कायद्यात स्पष्ट शब्दांत आले.

२३/ तत्त्व आले म्हणून वाद संपले नाहीत. डहाणूजवळ वाढवण येथे पी अँड ओ कंपनीने बंदर प्रस्तावित केले, तेव्हा न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखालील डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने १९९८ साली नकार दिला. त्याच प्राधिकरणाने २०२३ साली, नव्या रचनेत, सार्वजनिक क्षेत्रातील बंदराला अटींसह संमती दिली. किनारा तोच, मच्छीमारांचा विरोधही तोच, उत्तर वेगळे.

२४/ ससून गोदी आज मासळीचे बंदर आहे. व्यापारी जहाजांसाठी बांधलेल्या त्या भिंतींना आता ट्रॉलर टेकतात आणि ज्या कोळणींचे नाव एकाही जुन्या करारात नव्हते, त्यांच्या आवाजाने धक्का जागा होतो. इंदुरीला गढी पाहायला गेलात, तर बुरुज पाहून झाल्यावर नदीकडेही नजर टाका. जिथे तुमची पावले ओली होतात, तिथपासून पुढचा तळ १८७९ पासून कायद्याने सरकारच्या नावावर आहे, आणि त्यावरचे लोकांचे हक्कही त्याच कलमात लिहिलेले आहेत.