वर्दीची कुळकथा

मोसम नदीच्या काठी मालेगावचा भुईकोट किल्ला उभारणाऱ्या नारोशंकर राजेबहाद्दरांनी 1747 मध्ये नाशकात गोदातीरी रामेश्वराचे जे मंदिर बांधले, त्याच्या दर्शनी बाजूस वसईच्या विजयाची खूण म्हणून एक पोर्तुगीज घंटा टांगलेली आहे. महापुराचे पाणी तिला भिडले की ती आपसूक निनादते, अशी जुनी लोकसमजूत. दवंडीला माणूस लागतो, आणि तो निजला किंवा फितला तर वर्दी राहून जाते. येथे घटनाच आपली वर्दी देते. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती सर्व्हरवर चढताच सहकाऱ्यांच्या चॅटमध्ये आपोआप उमटणाऱ्या संदेशाचे कुळ मी या घंटेपर्यंत नेतो, त्यात मालेगावकराचा थोडा पक्षपात असेलही.

अर्वाचीन वंशावळ फिनलंडात सुरू होते. ओउलू येथे यार्को ओइकारिनेन यांनी 1988 मध्ये आयआरसी ही संभाषणव्यवस्था निर्माण केली आणि पुढे तिच्या दालनांत माणसांबरोबर बॉट, म्हणजे आपोआप संदेश धाडणारे प्रोग्रामही, वावरू लागले. फ्लिकर या छायाचित्रांच्या संकेतस्थळाचे जॉन ऑलस्पॉ व पॉल हॅमंड यांनी 2009 मध्ये, दिवसाला दहाहून अधिक डिप्लॉयमेंट आपण कशी पार पाडतो हे विशद करताना, या बॉटनाही मानाचे स्थान दिले. कारण प्रोग्राम लिहिणारे आणि यंत्रणा सांभाळणारे या दोन खात्यांतील पिढीजात बेबनाव, दोघांच्या डोळ्यांदेखत एकाच दालनात वर्दी दाखल झाल्याने, पुष्कळसा निवळतो.

तत्पूर्वी 2007 मध्ये जेफ लिंडसे यांनी वेबहुकची कल्पना मांडली होती: काही घडले काय म्हणून वारंवार चौकशी न करता, घडताच मुक्रर पत्त्यावर मजकूर रवाना व्हावा. गिटहबने 2011 मध्ये आपला ह्यूबॉट हा चॅट-बॉट सर्वांस खुला केला, तेव्हा दालनात हुकूम सोडावा आणि त्याच्या बजावणीचा वृत्तांतही तेथेच यावा, अशी सोय झाली. 2014 मध्ये खुले झालेले स्लॅक हे चॅट-साधन तर फ्लिकरच्याच एका संस्थापकाचे, स्ट्यूअर्ट बटरफील्ड यांचे अपत्य.

वर्दी जोडणे आता सोपे. तिला आवरणे कठीण. प्रत्येक चाचणीचा निकाल सर्वांच्या माथी मारला की चार दिवसांत लोक ते दालन मूक करून टाकतात, आणि मग खरा बिघाडही कोणी वाचीत नाही. म्हणून जाणते लोक यशाची नोंद वेगळ्या चॅनेलात ठेवतात आणि अपयशाची वर्दी, आवृत्ती व कर्त्याच्या नावासह, त्या दिवशीच्या जबाबदार इसमालाच पोहोचवतात. वेबहुकचा पत्ता मात्र दप्तरात जपून ठेवावा लागतो, कारण सामान्यतः शिक्कामोर्तब म्हणून तेवढाच असतो. तो ज्याच्या हाती पडेल, त्याला खोटी वर्दीही धाडता येते.